हौसेचे ओझे

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर परगण्यात, इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेनिगेंट असे तीन डोंगर एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात उभे आहेत. उंचीने ते मोठे नव्हेत. तिघांत उंच असलेला व्हर्नसाइड ७३६ मीटर भरतो. आपल्या राजगड-रायगडापुढे तो ठेंगणाच. परंतु दलदल, चुनखडीचे उघडे खडक आणि केव्हाही कोसळणारा पाऊस यांमुळे पायी चालणाऱ्यासही तेथे घाम फुटतो. १९५९ साली एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलाने सायकल घेऊन या तिन्ही शिखरांची फेरी पुरी केली. त्यातून स्फूर्ती घेऊन १९६१ मध्ये तेथे सायकलींची शर्यत भरली. ती पहिली शर्यत जिंकणारे जॉन रॉन्सली यांनी पुढे अनेक दशके तिची सारी व्यवस्था पाहिली. मार्ग सुमारे ६१ किलोमीटरांचा, त्यात सुमारे १,५०० मीटर चढ. काही भाग डांबरी रस्त्याचा आहे. पण डोंगराच्या अंगावर कित्येक ठिकाणी सायकल चालवणे अशक्यच असते. तेथे खाली उतरायचे, सायकल उचलून खांद्यावर घ्यायची आणि चढायचे.

या क्रीडाप्रकारास 'सायक्लोक्रॉस' असे नाव आहे. (यातील 'क्रॉस' म्हणजे आपला क्रूस नव्हे. रस्ता सोडून रानातून आडवे जाणे, एवढाच त्याचा अर्थ. वाचकांनी आमच्याकडून लगेच प्रवचनाची अपेक्षा करू नये.) त्याचा जन्म फ्रान्समधला. १९०२ साली तेथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली पॅरिस येथे पहिले जागतिक अजिंक्यपद लढवले गेले. आज या खेळाचे खरे वेड आहे ते बेल्जियमच्या फ्लेमिश प्रांतात. सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, तेथील कोपेनबर्ग टेकडीच्या चिखलात नामांकित खेळाडू उतरतात आणि गावेच्या गावे कुंपणापाशी उभी राहतात. पण ती व्यावसायिकांची गोष्ट. यॉर्कशायरच्या तीन डोंगरांवर येणारे बहुसंख्य लोक शिक्षक, सुतार, कारकून, परिचारिका असतात. जिंकण्याची शक्यता त्यांतल्या फार थोड्यांना असते, आणि ते त्यांना घरून निघतानाच ठाऊक असते.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा नातू तिकडे लीड्स शहरी नोकरीस आहे. तो आपल्या तीन मित्रांसह या शर्यतीला गेला होता. शनिवारी दुपारी हेल्विथ ब्रिज या वाडीजवळच्या कुरणात तंबू ठोकायचे, छोट्या स्टोव्हवर भात-डाळ शिजवायची, अंधार पडेपर्यंत साखळीला तेल द्यायचे, चाकांतील हवा पुन्हा पुन्हा चाचपायची आणि पावसाचा आवाज ऐकत अर्धवट झोपायचे, असा तो कार्यक्रम. नियम कडक आहेत. प्रत्येकापाशी शिटी, नकाशा आणि थंडीपासून जीव वाचवणारी पिशवी असलीच पाहिजे. डोंगरासाठी मुद्दाम बनवलेल्या जाड टायरच्या सायकलींना मात्र मज्जाव. ज्या सायकलीने डोंगर सोपा होईल ती आणायचीच नाही.

या नातवाने घरी धाडलेल्या छायाचित्रात तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखला आहे, खांद्यावर सायकल आहे, आणि चेहरा असा की हसतो आहे की रडतो आहे हे कळू नये. त्याच्या आजोबांनी ते आम्हांला दाखवले. आजोबांनी उमेदीची सारी वर्षे पहाटेच्या गाडीसाठी सायकलला दुधाच्या किटल्या लावून वसई स्टेशन गाठले. ते म्हणाले, "फादर, आम्ही सायकलवर ओझे लादले. हा सायकलच खांद्यावर घेतो, आणि वर त्यासाठी पैसे भरतो. ह्याला काय म्हणावे?"

त्यावर सारे घर हसले, आम्हीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या ओझ्याखाली पिढ्यांचे खांदे झिजले त्याचा खेळ करणे, ही ओझेकऱ्यांची थट्टा तर नव्हे? उपाशी माणसासमोर हौसेने उपवास करणाऱ्याला आपण काय म्हणू?

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाचा विचार आपल्या 'सुम्मा' ग्रंथात गांभीर्याने केला आहे. तेथे ते प्रेषित योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांसह खेळत असता कोणी तरी नाक मुरडले. त्याच्यापाशी धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास लावले, एक, दोन, अनेक. आणि विचारले, असेच अखंड चालू ठेवता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने उत्तर दिले. थॉमस तेथेच थांबत नाहीत; ज्याच्या आयुष्यात विनोद आणि क्रीडा यांना जागाच नाही तो इतरांना भार होतो, म्हणून तेही दोषास्पद, असे ते पुढे म्हणतात. आमच्या पाहण्यातील काही अतिगंभीर सज्जनांनी हे प्रकरण वाचावे असे आम्हांला फार दिवसांपासून वाटते.

तरीही आजोबांच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही. खेळ म्हणजे सैल सोडलेली दोरी, असे थॉमस गृहीत धरतात. इथे दोरी अधिकच ताणली जाते. आठवडाभर कचेरीत खुर्चीवर बसलेला तरुण रविवारी तीन, चार, पाच तास छाती फुटेस्तोवर झगडतो आणि सोमवारी कामावर लंगडत जातो. याला विसावा म्हणता यावयाचे नाही.

बर्नार्ड स्यूट्स नामक तत्त्वज्ञाने १९७८ साली खेळाची एक व्याख्या मांडली. अनावश्यक अडथळे स्वखुशीने पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, असा तिचा आशय. डोंगराची सायकल आणू नये, हा नियम या व्याख्येत नेमका बसतो. शिखरावर पोहोचणे एवढाच हेतू असता तर पायी जाणे शहाणपणाचे. खेळात मात्र आपण अडचण मुद्दाम राखतो, कारण ती गेली की खेळही जातो. २०१६ साली बेल्जियममधील झोल्डर येथे जागतिक अजिंक्यपदाच्या वेळी एका तरुण खेळाडूच्या सायकलीत दडवलेली मोटार सापडली आणि सहा वर्षांची बंदी आली. लोकांचा संताप झाला तो केवळ फसवणुकीमुळे नव्हे. जे ओझे स्वतः होऊन पत्करले तेच चोरून खाली ठेवायचे, यात वेडगळपणाही होता. तेच ओझे दूध पोहोचवणाऱ्या माणसाचे असते तर त्याच्या सायकलीला मोटार बसवणाऱ्याला आपण दुवाच दिला असता.

येथे भेद स्पष्ट होतो. किटल्यांचे ओझे हलके झाले तर दूध तेवढेच पोहोचते आणि माणूस सुखी होतो. खेळातील ओझे हलके झाले तर काहीच उरत नाही. पण भेद दाखवला म्हणजे आक्षेप मिटला असे नव्हे. कदाचित तो अधिक बोचरा होतो. कारण त्याच माळावर आणखी एका मुक्कामाची आठवण आहे.

व्हर्नसाइड उतरून शर्यत रिबलहेड येथे येते. तेथे २४ कमानींचा रेल्वेपूल उभा आहे, ३० मीटरांहून उंच. १८७० नंतरच्या चार-पाच वर्षांत तो बांधला गेला. त्याकरिता आलेले हजारो मजूर बायकामुलांसह याच माळावर लाकडी झोपड्यांत राहिले. त्या वस्त्यांना त्यांनी सेबॅस्टोपोल, यरीहो अशी नावे दिली होती. वारा तोच, पाऊस तोच, चिखल तोच. अपघातांनी माणसे गेली, देवीच्या साथीने गेली. चॅपल-ले-डेल येथील छोट्या देवळाची दफनभूमी त्या काळात वाढवावी लागली. शनिवारी रात्री तंबूत भिजणारा तरुण सोमवारी कोरड्या घरात असतो. त्या मजुराला असा सोमवार नव्हता. तंबूतल्या थंडीची मौज सांगणाऱ्याने हे विसरू नये. दारिद्र्याचा वेश एका रात्रीपुरता घालून आपण दरिद्र्याचे दुःख जाणले असे मानणे, ही आमच्या मते खरी थट्टा होय.

मग हौसेचे ओझे निषिद्ध मानावे काय? येथे आम्हांला शुभवर्तमानातील एका शब्दाने वाट दाखवली. मत्तयलिखित शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात, प्रभू येशू सांगतो की कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेले तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा. मूळ ग्रीक भाषेत तेथे जे क्रियापद आहे तेच मत्तय पुढे शिमोन कुरेनेकराला क्रूस वाहावयास लावले त्या प्रसंगी वापरतो. शब्द मुळात इराणी टपालदूतांच्या काळचा. वाटेत भेटेल त्या माणसाला, जनावराला कामाला जुंपण्याचा त्यांना अधिकार असे. रोमन शिपायांनी तीच रीत चालवली. आपल्या मराठीत त्याला 'वेठ' हा नेमका शब्द आहे, कारण आपल्या लोकांनी ती सोसली आहे. (इंगलबरोच्या ज्या उभ्या चढावर सायकली खांद्यावर येतात त्याचे नाव सायमन फेल. निव्वळ योगायोग, परंतु नातवाच्या तोंडून ते ऐकताना आम्हांला शिमोन आठवलाच.)

प्रभूने पहिल्या कोसाचे गुणगान केलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वेठ ही वेठच. माणूस मोकळा होतो तो दुसऱ्या कोसावर, जेथे शिपायाचा हुकूम संपलेला असतो आणि तरी पाय चालतात. आता शर्यतीत धावणारा शिपायाचे ओझे वाहत नाही, कोणाचे दुःख हलके करीत नाही, म्हणून त्याच्या श्रमाला त्याग म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. तरुणांच्या मेळाव्यांत अलीकडे खेळाला सरसकट तपश्चर्या म्हटले जाते, ते आम्हांला रुचत नाही. परंतु दुसऱ्या कोसाशी त्याचे एक नाते आहे: तोही कोणी न सांगता उचललेला आहे. ओझे स्वभावतः लाजिरवाणे नसते, लाजिरवाणी असते ती सक्ती, हे खेळणाऱ्याच्या खांद्याला कळते. ज्याने आयुष्यात सक्तीशिवाय कधीच काही उचलले नाही, त्याला प्रभूचा दुसरा कोस केवळ दुप्पट वेठ वाटण्याचा संभव आहे.

आजोबांना आम्ही हे सारे सांगितले नाही. आम्ही एवढेच विचारले, "बाबा, किटल्या रिकाम्या झाल्यावर तुम्ही घरी कसे येत होता?" ते जरा गप्प राहिले, मग त्यांचे डोळे चमकले. परतताना रिकाम्या किटल्या खडखडवीत चार-पाच जण स्टेशनपासून गावच्या वेशीपर्यंत शर्यत लावीत. हरणाऱ्याने चहा पाजायचा. एकदा किटली उडून शेताच्या पाण्यात पडली आणि घरी बोलणी खावी लागली. "तेव्हा आम्हांला कोणी ते खेळणे म्हणाले नाही," असे ते म्हणाले. पहाटे दोनला उठलेली, अंग मोडून आलेली माणसे, आणि वाटेत पुन्हा पायडल हाणीत होती! तेव्हा खेळ ही सुखवस्तूंची मिरास आहे, हे म्हणणे आम्हांला तरी मान्य होत नाही. वेठीच्या दिवसातूनही माणूस थोडी हौस चोरून घेतो.

राहता राहिली मर्यादा. थॉमस यांनी ती घालून दिलीच आहे: खेळ व्यक्तीला, काळाला आणि स्थळाला शोभेल असा असावा. तान्हे मूल पत्नीच्या ओटीत टाकून दर शनिवारी तंबू पाठीवर घेणाऱ्या नवऱ्याची हौस आपल्या नव्हे, तिच्या खांद्यावर असते. कर्ज काढून लाखाची सायकल घेणाऱ्यालाही आम्ही हेच सांगू. स्थळाचे म्हणावे तर ते डोंगर मेंढपाळांचे आहेत. २००१ साली लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा शर्यत रद्द झाली. कोणाची हौस कोणाच्या पोटावर यावयाची नाही, हे तेथे पाळले गेले. आणि रविवारचे म्हणाल तर १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे शनिवारी सायंकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पुरे होते. त्याच संहितेत प्रभूच्या दिवशी मनाला व शरीराला विसावा मिळावा असेही म्हटले आहे. आजीचा पहिला प्रश्न अर्थात हाच होता. नातू शनिवारी मिस्साला गेला होता, मित्र बाहेर गाडीत खोळंबले होते.

त्या चौघांपैकी तिघांनी फेरी पुरी केली. मार्गात ठराविक ठिकाणी वेळेची मर्यादा असते. चौथ्याला रिबलहेडला पोहोचण्यास उशीर झाला. पावसात सकाळपासून उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी त्याला थांबवले. तो थोडा वेळ पुलाच्या कमानीखाली बसून राहिला. मग रस्त्याने सावकाश हेल्विथ ब्रिजला परतला, वाऱ्याने आडवा झालेला तंबू त्याने पुन्हा उभा केला, आणि बाकीचे तिघे यावयाच्या सुमारास स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले.