चार बोटांची जागा

टायरचा माथा आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यात किती फट आहे, हे पाहायला गाड्यांचे शौकीन पट्टी शोधत नाहीत, बोटे घालून बघतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत बहुधा तीन-चार बोटे सहज मावतात. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली की दोन मावतात, आणि काहींना एकही मावू नये असे वाटते. खरी स्पोर्ट्स कार जळगाव-धुळ्यात फार थोड्यांच्या दारात असेल, पण तिच्यासारखे दिसण्याची ओढ एमएच १९ आणि एमएच १८ च्या पाट्या लावलेल्या साध्या हॅचबॅकपर्यंत पोचली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा पैशाचा नास वाटतो, आरटीओला नियमभंग. मुळातला प्रश्न या दोन्हींपेक्षा जुना आहे. वाहन कोणासाठी असते? पाहणाऱ्यासाठी, चालवणाऱ्यासाठी, की त्यात बसणाऱ्यासाठी? आपल्या पुराणांनी आणि संतपरंपरेने वाहनांचा इतका विचार केला आहे की हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायला संकोच वाटू नये.

आधी ती फट कशासाठी असते ते पाहू. चाक खड्ड्यात उतरते, दगडावर चढते, आणि ही वर-खाली हालचाल स्प्रिंग झेलते. शॉकअप त्या स्प्रिंगची थरथर आवरतो. चाक वर येईल तेव्हा त्याला जायला जागा हवी. चौघे बसले, डिकीत सामान पडले की गाडीची मागची बाजू दबते, त्यालाही जागा हवी. शेवटी स्टेअरिंग वळवल्यावर पुढचे चाक तिरके होते, तेव्हा ते कमानीला घासू नये म्हणून आणखी थोडी. रिकाम्या, उभ्या गाडीकडे पाहणाऱ्याला फट म्हणजे उणीव वाटते. गाडीचा आराखडा आखणाऱ्याने मात्र ती अजून न आलेल्या माणसांसाठी आणि अजून न लागलेल्या खड्ड्यासाठी राखून ठेवलेली असते.

गाडी खाली आणण्यात काही खरे फायदे आहेत, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर कमी सरकते, टायरची पकड टिकते, गाडी कमी कलते. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच जमिनीलगत धावतात. पण शर्यतीचा ट्रॅक गुळगुळीत असतो आणि त्या गाडीत माणूस एकच बसतो. तापीच्या खोऱ्यात जमीन काळी कसदार. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता काही वर्षांत लाटा धरतो. भारतीय मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. एवढ्या रुंदीवरून बरीच खाली बसवलेली गाडीही पोट न घासता निघून जाईल. गावोगावच्या फाट्यांवरचे गतिरोधक मात्र अरुंद आणि उभट असतात, आणि घासते ते तिथेच. मारुती स्विफ्टचे जमिनीपासूनचे अंतर १६३ मिलिमीटर. त्यातून साठ-सत्तर काढून घेतले, वर चौघांचे वजन चढवले, तर काय उरते याचा हिशेब कोणालाही करता येईल.

महाभारताच्या द्रोणपर्वात हाच हिशेब वेगळ्या अंगाने आला आहे. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर राहून चाले. अश्वत्थामा मारला गेला असे त्याने द्रोणाचार्यांना सांगितले, हत्तीचा उल्लेख अस्पष्ट पुटपुटला, आणि त्या क्षणी रथ भुईला टेकला. जुन्या मापात २४ अंगुळांचा एक हात, म्हणजे चार अंगुळे साधारण साडेसात सेंटिमीटर भरतात. गाडी बरीच खाली बसवणारा माणूसही साधारण तेवढीच उंची काढून घेतो. हा योगायोग मजेचा म्हणून सोडून देता येतो, पण कथेतली एक गोष्ट विचार करायला लावते. युद्धाचे इतके दिवस उलटले तरी त्या उंचीकडे आपले लक्ष जात नाही. ती ठळकपणे समोर येते ती नाहीशी होताना. रथ वर आहे हे दाखवावे असे युधिष्ठिराला कधी वाटले नव्हते. ती उंची शोभेची नव्हतीच, त्याच्या शब्दावर इतरांनी टाकलेल्या विश्वासाची होती. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले ते त्या विश्वासावर. पुढे कर्णाच्या रथाचे चाक जमिनीने गिळले, तिथेही व्यासांनी चाक आणि भूमी यांच्यातल्या अंतराला नीतीशी जोडले आहे.

म्हणजे खाली येणे हे पतनच, असे समजायचे का? तसे मानले तर आपल्याच संतांशी भांडण काढावे लागेल. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. देवाकडे जाणाऱ्या भक्तांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्याच द्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. खुद्द भगवद्गीतेत रथाचा धनी कोण आणि सारथी कोण ते पाहावे. अर्जुन रथात बसतो आणि श्रीकृष्ण घोड्यांचे लगाम धरतो. ज्याच्याकडे सगळे ज्ञान आहे त्याने सेवकाची जागा घेतली आहे. याच गीतेवर विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून झाला. शिकल्या-सवरलेल्यांपासून साध्या शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळेल अशा भाषेत विनोबा बोलत राहिले, हेही एका अर्थाने खाली उतरणेच होते.

या उतरण्यात आणि दिखाव्यात फरक कसा ओळखायचा, हे खान्देशाला चांगली ठाऊक असलेली एक कथा सांगते. तापी आणि पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेव नावाचे गाव आहे आणि तिथे चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे एका पडक्या भिंतीवर बसली होती. ती भिंतच चालत सामोरी गेली. कथेचा अर्थ बहुधा चमत्कारावर चमत्काराने केलेली मात असा सांगितला जातो. पण दोन्ही वाहनांवर कोण बसले आहे ते मोजून पाहावे. वाघावर एकटे चांगदेव आहेत. दुसऱ्या कोणाला तिथे जागा नाही, आणि कोणी जवळ येणार नाही हेच त्या वाहनाचे वैभव आहे. भिंतीवर चार भावंडे शेजारी शेजारी बसली आहेत. पुढे चांगदेवांनी त्या चौघांतल्या सर्वांत धाकट्या मुक्ताईला गुरू केले. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून दर आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते आणि शेकडो किलोमीटर चालून जाते.

गाडी खाली बसवण्यामागे नुसता दिखावा असतो, असेही सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हीच गोष्ट केली. परवडणाऱ्या जुन्या गाड्या घेऊन, डिकीत वाळूची पोती टाकून त्यांनी त्या जमिनीलगत आणल्या आणि रस्त्यावरून मुद्दाम हळू चालवल्या. वेगाच्या देशात सावकाश जाणे हा त्यांचा आपले अस्तित्व सांगण्याचा मार्ग होता. १९५८ पासून तिथल्या कायद्याने चाकाच्या रिमपेक्षा खाली गाडीचा कोणताही भाग असू नये असे बजावले. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. खटका दाबला की गाडी वर, पुन्हा दाबला की खाली. न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावच्या डेव्हिड हारामियो याने १९६९ ची फोर्ड एलटीडी अशीच सजवायला घेतली. तो गेल्यावर कुटुंबाने ती पूर्ण केली, आणि ‘डेव्हज ड्रीम’ नावाने ती आज स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. अशा कितीतरी गाड्यांच्या पत्र्यावर ग्वादालूपेच्या मातेचे, म्हणजे मेरीमातेचे, चित्र असते. चिमायोच्या देवळात गुड फ्रायडेला हजारो लोक पायी येतात. वारी पाहिलेल्या माणसाला त्यांचे मन समजायला अवघड जाणार नाही. कॅलिफोर्नियाने या गाड्यांवरची बंदी १ जानेवारी २०२४ पासून उठवली.

या उदाहरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. हायड्रॉलिक गाडी रस्ता पाहून पुन्हा वर येते, म्हणजे तिने चार बोटांची जागा गमावलेली नसते, मिटवून ठेवलेली असते. आणि ती गाडी कुटुंबाची, मोहल्ल्याची, मिरवणुकीची असते. सौंदर्याची हौस आणि दुसऱ्यासाठीची जागा या तिथे एकमेकांच्या आड येत नाहीत.

हौसेला खान्देशाने कधी हीन मानले नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात, झुली घालतात. जळगावात कार्तिकी एकादशीला निघणारा श्रीरामाचा रथ अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला, तो दरवर्षी फुलांनी आणि तोरणांनी नटतो. या रथाला ना स्प्रिंग, ना शॉकअप, ना स्टेअरिंग. तो वळवायचा तर चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, नेमक्या क्षणी सरकवावी लागते. थांबवायचा तरी तीच. मोगरी लावणारा माणूस रथाच्या सर्वांत खाली, चाकाच्या अगदी जवळ, वाकून चालतो. गर्दीचे डोळे वर मूर्तीकडे असतात आणि सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो आणि मुस्लिम बांधव त्याचे स्वागत करतात. सजावटीवर खर्च झालेला पैसा इथे कोणाला खुपत नाही, कारण रथ सगळ्यांचा आहे. जिल्ह्यातल्या गावोगावच्या यात्रांत भगत बारागाड्या ओढतो. एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या माणसांनी खच्चून भरलेल्या असतात. त्या रिकाम्या असत्या तर ओढण्याला काही अर्थच राहिला नसता.

म्हणून वाहन कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर मिलिमीटरमध्ये मिळणार नाही. देखणेपणाची ओढ हा दोष नाही. दोष सुरू होतो तो आई मागे बसली की टायर कमानीला घासतो म्हणून ‘तू रिक्षाने ये’ असे सांगावे लागते तिथे. कठोपनिषदात शरीराला रथ आणि आत्म्याला रथी म्हटले आहे, आणि त्याच उपनिषदात मनाला गोड वाटणारे आणि खरे हिताचे असे दोन रस्ते माणसापुढे ठेवले आहेत. नचिकेत्याला यमाने घोडे, रथ, संपत्ती सगळे देऊ केले. त्याने ते नाकारले. या गोष्टी फार काळ पुरत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. रिकाम्या, उभ्या गाडीला शोभणारी उंचीही अशीच आहे. पहिला पाहुणा आत बसेपर्यंत ती पुरते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. कायद्यापेक्षाही धोकादायक आहे ते स्वस्तात काम उरकणे. स्प्रिंगचे वेटोळे कापले की ती ताठ होते, तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत उचलले गेले तर ती जागेवरून निसटू शकते. मूळ शॉकअप त्या ताठ स्प्रिंगला आवरायला बनवलेला नसतो. चाके आतल्या बाजूला कलतात आणि टायर आतून झिजतो, जिथे तो झिजलेला सहसा दिसत नाही.

ज्यांना गाडी जमिनीलगत पळवण्याचा खरा आनंद घ्यायचा आहे, त्यांनी तो ट्रॅकवर, त्यासाठीच ठेवलेल्या गाडीत घ्यावा. घरची गाडी खाली बसवण्याचा विचार मनात असेल, तर गॅरेजात जाण्यापूर्वी घरातल्या चौघांना आत बसवा, डिकी भरा, आणि आपल्या गावच्या फाट्यावरच्या गतिरोधकावरून ती एकदा हळू नेऊन पाहा. गाडी किती दबते आणि खाली किती जागा उरते ते तिथे उतरून, वाकून बघा. मग हवे तर बोटे घालून फट मोजा. आणि कोणी स्प्रिंग कापून देतो म्हणाला, तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.