नेम आणि नजर

परभणी शहरात आमचे एक स्नेही राहतात. तरुण मुलांना कातकाम आणि जोडकाम शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या पितळी दुर्बिणी जमविण्याचा छंद लागला. जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी, जहाजावरच्या दुर्बिणी, नाटकगृहात न्यायच्या जोडदुर्बिणी असे पुष्कळ काही त्यांच्या कपाटात आहे. त्यांतच एक लांब, अंगठ्याएवढ्या जाडीची नळी आहे. ती बंदुकीवर बसविण्यासाठी घडविलेली. त्यांच्या घरात पणजोबांपासून चालत आलेली मार्टिनी पद्धतीची एकबारी रायफलही आहे. एका वेळी एकच काडतूस घालायचे, बार काढायचा, खालची तरफ ओढून रिकामे काडतूस टाकायचे आणि मग दुसरे भरायचे, अशी तिची रीत. आता मात्र तिची नळी आतून कायमची बुजविलेली आहे आणि आतील ठोकळा सांधून टाकला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन बनावटीच्या आणि दुरुस्तीनेही चालू होणार नाहीत अशा हत्यारांना जी सूट आहे, तिच्या आधारे ती भिंतीवर राहिली आहे.

गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी ती नळी सुतळीने रायफलीवर बांधली, रायफल आमच्या हाती दिली आणि विचारले, “तुम्हीच सांगा, ही दुर्बीण हिच्यावर कायमची बसवू का?”

प्रश्न कारागिरीचा आहे असे समजून आम्ही दस्ता खांद्याला लावला आणि भिंगाला डोळा भिडविला. समोरच्या गच्चीवर एक बाई ज्वारीच्या पापड्या वाळत घालीत होत्या. त्यांच्या मनगटावरच्या बांगड्या मोजता आल्या असत्या. त्यांनी पदराने कपाळ पुसले. भिंगातील एकमेकांस छेदणारे दोन बारीक तंतू नेमके त्यांच्या कपाळावर होते. आम्ही रायफल खाली घेतली आणि त्याच क्षणी ध्यानात आले, की आमचे बोट आपसूक चापावर जाऊन बसले होते. आम्ही आयुष्यात कधी बंदूक चालविलेली नाही. ती बंदूक चालणारी नव्हती. त्या बाईंशी आमचे काही वैर असण्याचे कारण नव्हते. आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो. तरीही बोट तिथे गेले होते.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही, आणि वाचकांपुढे तो मांडावा असे वाटते. जे हत्यार कुणालाही इजा करू शकत नाही, त्याला नेम धरण्याचा डोळा परत देण्यात काही वावगे आहे काय?

पहिला विचार असा आला, की दोष त्या तंतूंचा असावा. परंतु तसे म्हणता येत नाही. त्याच कपाटातील जमीन मोजण्याच्या दुर्बिणीतही तसेच दोन तंतू आहेत. तिच्यातून आम्ही तीच गच्ची आणि त्याच बाई पाहिल्या, पण मनाला काही टोचले नाही. या तंतूंचा उगम तर अगदीच निष्पाप आहे. सतराव्या शतकात, १६४० च्या आसपास, विल्यम गॅसकॉइन नावाचा इंग्रज तरुण आकाश पाहण्याच्या दुर्बिणीशी प्रयोग करीत असता कोळ्याने आत विणलेला एक धागा त्याला ताऱ्याच्या चित्राबरोबरच स्पष्ट दिसला, असे सांगतात. दूरची वस्तू आणि जवळची खूण एकाच वेळी स्वच्छ दिसू शकतात हे त्याने ओळखले आणि त्यावरून सूर्य, चंद्र व ग्रह यांचे दृश्य आकार मोजण्याचे साधन तयार केले. ताऱ्यांसाठी गवसलेल्या या युक्तीचा जनक १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत, आपल्याच देशबांधवांच्या यादवीत मारला गेला.

पुढे दोनशे वर्षांनी ती युक्ती बंदुकीवर चढली. मुंबई सेनेत नोकरी करून मायदेशी परतलेल्या डेव्हिड डेव्हिडसन यांनी बंदुकीच्या दुर्बिणीत सुधारणा केली. ती व्हिटवर्थ नावाच्या, षट्कोनी पोकळीच्या एकबारी रायफलीच्या डाव्या अंगाला बसवीत. अमेरिकेत विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून अशा लांब नळ्या बनविण्यास आरंभ केला. १८६४ च्या मे महिन्यात, अमेरिकेच्या यादवी युद्धात, जनरल सेजविक हे गोळ्यांना बिचकणाऱ्या आपल्या शिपायांना धीर देत होते. एवढ्या अंतरावरून शत्रूचा नेम लागणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्याच वेळी दूरवरून आलेल्या एका गोळीने ते ठार झाले. मारणाऱ्याने त्यांना पाहिले होते. त्यांनी मारणाऱ्याला पाहिले नव्हते. आमच्या गच्चीवरच्या बाईंचेही तसेच होते.

आमच्या स्नेह्यांनी याला दिलेले उत्तर हलके नाही. ते म्हणाले, “अहो, एकबारी बंदुकीवाल्याला दुसरी संधी नसते. त्याला नीट दिसले पाहिजे. नीट न दिसता मारलेला प्राणी पायात गोळी घेऊन तीन दिवस तडफडतो.” त्यांचे आजोबा शिकारी होते. मराठवाड्याच्या काळ्या रानात तेव्हा काळविटांचे कळप मुबलक असत. नर काळा, शिंगांचा. मादी पिवळसर, पोटाशी पाडस असण्याचा संभव. दुरून हा भेद ज्याला दिसतो त्याचा हात आवरतो, ज्याला दिसत नाही तो अंदाजाने बार काढतो. तेव्हा स्पष्ट दिसणे हीच दया, असा त्यांचा युक्तिवाद. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाची शिकारच थांबविली. आज शेतात काळवीट शिरले तर शेतकरी पत्र्याचा डबा वाजवितो आणि नुकसान सोसतो. पण कायद्याने प्रसंग संपला म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही, आणि आम्हांस तो अजून पुरता खोडता आलेला नाही.

आपल्याकडे शिकाऱ्यांचा आश्रयदाता मानलेल्या संत ह्यूबर्ट यांची आख्यायिका येथे आठवते. उत्तम शुक्रवारी शिकारीला गेलेल्या ह्यूबर्टला सांबरासारख्या एका प्राण्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्याचे जीवन पालटले. तेथेही नजर नेमाचीच होती. फरक इतकाच, की तेथे क्रूस शिकाऱ्याच्या भिंगात नव्हता, शिकारीच्या मस्तकावर होता. पाहणारा स्वतःच पाहिला गेला. दुर्बीण नेमका हाच उलट प्रवास बंद करते, असे आम्हांस वाटते. तिच्यातून दूरचा माणूस हाताच्या अंतरावर येतो, परंतु आपण त्याच्या जवळ जात नाही. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी यांनाही तो जखमी मनुष्य दिसला होताच. दिसण्यात उणे काही नव्हते.

दुरून मारण्याबद्दलची ही अस्वस्थता ख्रिस्तसभेला नवी नाही. ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन परिषदेने यांत्रिक धनुष्ये आणि बाण चालविणाऱ्यांची विद्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरण्यास शापाच्या धाकाने मनाई केली. वाचताना आनंद होतो, आणि लगेच ‘ख्रिस्ती लोकांविरुद्ध’ या शब्दांशी तो अडखळतो. बाकीच्या माणसांची कपाळे त्या मनाईच्या बाहेर राहिली. शिवाय ती मनाई फारशी कोणी पाळली नाही. आपण पूर्वजांचा अभिमान बाळगावा, पण तो अर्ध्या वाक्यावर थांबवून नव्हे.

आता उरला इतिहासाचा प्रश्न, आणि येथे आमचे मत अधिक ठाम आहे. स्नेह्यांच्या घरात असे सांगतात, की ही रायफल हिंगोलीच्या छावणीशी संबंध असलेल्या कुणाकडून आली. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, आणि निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिन्जंटची तेथे १९०३ पर्यंत छावणी होती. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची असा सरकारचा शिरस्ता पडला. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर, आणि गोऱ्यांना अनेक गोळ्यांची पेटीवाली रायफल मिळाली तेव्हा देशी शिपायाला मार्टिनी. म्हणजे आपल्या शिपायाच्या हातातील एकबारी बंदूक ही त्याच्यावरील अविश्वासाची खूण होती. त्याला नळीच्या टोकाच्या माशीवरूनच नेम धरावा लागे. पितळी दुर्बीण त्याच्या वाट्याला येण्यासारखी नव्हती. आज तिच्यावर माल्कमच्या धर्तीची दुर्बीण चढवली, तर पाहणाऱ्या नातवंडांना वाटेल, पणजोबांच्या काळी असेच असे. कुणी खोटे बोललेले नसेल, आणि तरीही भिंतीवर एक खोटे टांगलेले असेल.

शिवाय बैठक बसवायची तर जुन्या पोलादात भोके पाडून आटे काढावे लागतात. जुनी दुर्बीण आतून फिरत नाही. नेमाचा फेरफार बाहेरच्या बैठकीच्या स्क्रूंवर होतो, म्हणून बैठक पक्की हवी. एकदा पाडलेले भोक बुजते, पण नाहीसे होत नाही. हे आम्ही त्यांना सांगायला नको होते. त्यांनीच ते मुलांना तीस वर्षे शिकविले.

आम्ही आमचे मत त्यांना कळविले. दोन्ही वस्तू जपाव्यात, पण वेगवेगळ्या. त्यांनी ते शांतपणे ऐकले व म्हणाले, “तुमचे बोट चापावर गेले यात माझ्या दुर्बिणीचा काय दोष?” यावर आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. खरे म्हणजे दोष दुर्बिणीचा नाही असेच आमचे म्हणणे होते. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने पापाचे माप हातापासून नव्हे, तर नजरेपासून घेतले आहे. तेव्हा बंदूक बुजविलेली आहे ही सबब आम्हांला स्वतःसाठी पुरत नाही. त्यांच्यासाठी पुरते की नाही, हे आम्ही कसे ठरवावे? ते त्या नळीकडे पाहतात तेव्हा त्यांना भिंगाचे घासकाम दिसते, पितळेवरची कातीव नक्षी दिसते. आम्हांला मात्र कपाळ पुसणारी बाई दिसते.

या नाताळात पुन्हा त्यांच्याकडे गेलो. दुर्बीण मखमलीच्या पेटीत होती. रायफल भिंतीवर होती आणि तिच्या नळीवर, बैठकीच्या जागी, खडूचे चार बारीक ठिपके दिलेले होते. भोके अद्याप पाडलेली नव्हती. आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. समोरच्या गच्चीवर कोणी नव्हते.