संच निवडताना श्रेय आणि प्रेय

सौंसरजवळ जामसावळीला मारुती आडवा विसावला आहे. वायुपुत्राच्या या मूर्तीसमोर उडण्याची इच्छा कुणाला पाप वाटणार? अवघड आहे ती विमानाची निवड.

घरी जोडायच्या विमानांचे संच पुष्कळ मिळतात. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ मध्ये दोघे शेजारी बसतात, आरव्ही-८ मध्ये एकामागे एक, आरव्ही-१० चौघांचे. अमेरिकी नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानेच करायचे असते आणि ते वर्षानुवर्षे चालते. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय म्हणजे हिताचे आणि प्रेय म्हणजे नुसते प्रिय वाटणारे, यांतला भेद सांगतो. वेगाचा आकडा हे प्रेय. ज्याचे रिव्हेट रोज संध्याकाळी ठोकताना मन विटत नाही, ते विमान श्रेय.

कॅप्टन अमोल यादव यांनी संचच घेतला नाही. मुंबईत चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी स्वतःच्या आराखड्याचे सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली.

हा स्वधर्म की अट्टाहास?

गीता फळावरून कर्म जोखत नाही; म्हणून हा स्वधर्मच. केवळ नावासाठी तोच रस्ता धरणाऱ्याला मात्र तो परधर्म ठरेल. त्याने संच घ्यावा, आणि ७ की ८ हे सोबत कोण बसणार ते पाहून ठरवावे.