कौल आणि चाचणी

फेब्रुवारी २०२२ मध्ये गोवा विधानसभेची निवडणूक झाली. तिच्या काही आठवडे आधी केरीतील आमच्या अंगणात एक तरुण मुलगा येऊन उभा राहिला. कोणत्याशा संस्थेसाठी तो मतदारांची पाहणी करीत होता. ‘‘काका, यंदा मत कोणाला?’’ त्याने सरळ विचारले. आम्ही त्याला ओसरीवर बसविले, पाणी व गूळ दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि उत्तर टाळले. तो तेरेखोलच्या फेरीबोटीकडे निघून गेल्यावर सूनबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, खरे सांगितले असते तर काय बिघडले असते?’’

प्रश्न साधा होता, पण तो मनातून जाईना. मत विचारण्याचा अधिकार कोणाला? आणि ज्याला विचारले जाते, त्याच्यावर सत्य सांगण्याचे बंधन किती?

कायद्याने याचे अर्धे उत्तर दिले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार, आपण मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर वा अन्य व्यक्तीवर करता येत नाही. न्यायालयासमोरही जे सांगणे बंधनकारक नाही, ते अंगणात आलेल्या पाहुण्याला सांगण्याचे बंधन कोठून असणार? परंतु न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. आमच्या गावांत तिसराच मार्ग रूढ आहे. दारी येईल त्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला हसतमुखाने ‘व्हय’ म्हणायचे. यात कोणाचा अपमान होत नाही, शेजारधर्म टिकतो आणि मत आपले आपल्यापाशी राहते. हे सौजन्य म्हणावे की असत्य?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला देवळातील कौल आठवतो. पेडणे महालात आणि एकंदर कोकणपट्टीत अडल्या-नडल्या माणसाने देवाला कौल लावण्याची चाल जुनी आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या वा पाने लावतात, पुजारी प्रश्न मांडतो आणि सगळे पाकळी पडण्याची वाट पाहतात. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरे. यावर कोणाची श्रद्धा असो वा नसो, या चालीतील नीती विचार करण्यासारखी आहे. प्रश्न मोघम ठेवून चालत नाही, तो नेमका मांडावा लागतो. आणि जो कौल मागतो, तो मिळेल ते उत्तर पाळण्यास बांधलेला असतो. गंमत म्हणून कोणी कौल लावीत नाही.

वर्तमानपत्रांनी हाच शब्द निवडणुकीसाठी घेतला, आणि गोव्यात तर तो इतिहासाचाच शब्द झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी जनमत कौल दिला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल आणि वेगळेपणाची निशाणी दोन पाने. देवळातल्या कौलाचीच सामग्री मतपत्रिकेवर उतरली म्हणा ना! विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे.

तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. आमचे घर, आमची आळी, आमचे सगळे सोयरे फुलाचे. मराठी ही आमच्या पोथीची, पत्रांची आणि शाळेची भाषा. महाराष्ट्र हे आमचे मूळ घर, अशी घरातील वडीलधाऱ्यांची धारणा. कौलाच्या आधीचे दोन महिने घरातल्या प्रत्येक माणसाची जणू रोज मोजदाद होई. आजीलाही विचारले जाई. तिचे माहेर मडगावकडचे. ती प्रत्येकाला ‘व्हय’ म्हणे. आम्ही शाळेतून येऊन तिच्या मांडीशी बसलो आणि विचारले, तेव्हा आम्हांलाही ‘व्हय रे पुता’ म्हणाली.

निकाल लागला आणि घरात सुतक आल्यासारखे झाले. जी मते कमी पडली ती गेली कोठे, याचा शोध सुरू झाला. आणि शोध घेणारे नेहमी जवळच्या माणसापासून सुरुवात करतात. एका संध्याकाळी थोरल्या काकांनी आजीला सर्वांसमक्ष विचारले. ती एवढेच म्हणाली, ‘‘पेटीला सांगितले आहे; आता पुन्हा कशाला विचारता?’’ त्या उत्तरात घरच्यांना कबुली दिसली. पुढे कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरते बोलणे होई. आम्हीही तिच्या मांडीशी बसणे सोडले. तिने मत कोणाला दिले होते, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. तिने ते कधीच सांगितले नाही आणि सांगायला ती आता नाही.

त्याच वर्षी मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणाचा ध्वज खांद्यावर घेतलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीसपैकी सोळा जागा मिळाल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या गोमंतकाने जानेवारीत विलीनीकरण नाकारले, त्यानेच मार्चमध्ये विलीनीकरणवाद्यांच्या हाती राज्य दिले. घरातली मंडळी याला लोकांचा लहरीपणा म्हणत. आम्हांला तसे वाटत नाही. ते दोन वेगळे प्रश्न होते आणि लोकांनी प्रत्येकाचे वेगळे उत्तर दिले. कुळाला जमिनीचा आधार देणारा, खेड्यात शाळा काढणारा पुढारी हवा, पण गोव्याचे वेगळेपणही हवे, असे एकाच मनात असू शकते. ‘हा फुलाचा, तो पानांचा’ अशी माणसांची वर्गवारी करणाऱ्याला ते मन दिसत नाही.

मतचाचणीचे शास्त्र नेमके येथेच अडखळते. शितावरून भाताची परीक्षा, हे तिचे मूळ तत्त्व. हजारभर माणसे निःपक्षपातीपणे निवडली तर मोठ्या समाजाचा अंदाज साधारण तीन टक्क्यांच्या फरकाने बांधता येतो, हे गणित खरे आहे. पण भात नीट ढवळलेला हवा. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असे छापले. रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्यांत जिंकले. उत्तरे बव्हंशी सुखवस्तू घरांतून आली होती. शिते पुष्कळ, पण एकाच बाजूची.

ढवळलेला भातही फसवितो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरविण्यासाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका राज्याराज्यांत होतात. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील अशा निवडणुकीपूर्वी सर्व प्रमुख चाचण्या ओबामांना पुढे दाखवीत होत्या. जिंकल्या हिलरी क्लिंटन. चाचणीकारांच्या व्यावसायिक संघटनेने चौकशीसाठी समिती नेमली, तिला एकच एक कारण दाखविता आले नाही. आपल्याकडे २००४ आणि २०२४ च्या लोकसभेचे अंदाजही असेच चुकले. भाताचे शीत बोटाने दाबले म्हणून मत बदलीत नाही; माणूस बदलतो. शेवटच्या रात्रीपर्यंत तो विचार करीत असतो, आणि तसा करणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

मग चाचण्या टाकाऊ म्हणाव्या काय? तसेही नाही. समाजाने स्वतःला जाणून घेण्यात वावगे काही नाही. मात्र कौल आणि चाचणी यांत नीतीचा फरक आहे. १९६७ चा कौल मागणारे त्याने बांधले गेले; विलीनीकरणाचा प्रश्न मागे पडला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. चाचणी घेणारा उत्तराने बांधला जात नाही. म्हणून संपूर्ण सत्य मतपेटीला देणे लागते. चाचणीकाराला मौन दिले तरी चालते. त्याला खोटे मात्र सांगू नये, कारण तो आपल्या तोंडून शेजाऱ्याचाही अंदाज बांधीत असतो.

आणि आजीचा ‘व्हय’? त्याला खोटे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. ज्या प्रश्नाला एकच उत्तर सुरक्षित असते, तो विचारणाराच उत्तर देणाऱ्याला असत्याकडे ढकलतो. त्या घरात ‘नाही’ म्हणण्यास जागा आम्ही ठेवली नव्हती, ‘सांगत नाही’ म्हणण्यासही नाही. दोष तिच्या उत्तरात नसून आमच्या विचारण्यात होता, हे कळण्यास आम्हांला फार वर्षे लागली.

सूनबाईंना आम्ही हे सर्व सांगितले. पुढच्या खेपेस तो मुलगा आला तर हवापाण्याच्या आड लपणार नाही, ‘सांगणार नाही’ असे स्वच्छ सांगू. आणि सूनबाईंचे मत कोणाला, हे आम्ही त्यांना विचारलेले नाही.