मे महिन्यातली माती

मुरबाडच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानांतून अर्थिंगचे रॉड दाराशीच उभे करून ठेवलेले दिसतात. तांब्याच्या रंगाचे, चकचकीत. गिऱ्हाईक विचारतं, "यातला चांगला कुठला?" दुकानदार सगळ्यात जाड रॉडकडे बोट दाखवतो. जाड म्हणजे भक्कम, हे दोघांनाही पटलेलं असतं, म्हणून घासाघीस फक्त भावावर होते. "घर कुठे आहे, जमीन कशी आहे?" असं विचारणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

रॉड कसलाही घ्या, वीज शेवटी उतरायची असते मातीत. माती तिला वाट देणार की नाही, यावर सगळं अवलंबून. हिशेब मांडला की हे लख्ख दिसतं. बऱ्यापैकी ओलसर मातीत तीन मीटर लांब आणि 17 मिलिमीटर जाड रॉड पूर्ण ठोकला, तर विजेला जमिनीत शिरताना साधारण तीस-पस्तीस ओहमचा अडथळा होतो. जाडी दुप्पट केली तरी तो जेमतेम दहा-बारा टक्क्यांनी घटतो. लांबी दुप्पट केली तर मात्र निम्म्याच्या जवळ येतो. जाडीला मोजलेले पैसे असे पाण्यात जातात.

आता खोल जायचं म्हटलं, तर शहापूर-मुरबाडकडे तेच अवघड. माहुलीपासून माळशेजपर्यंत सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. भाताच्या खाचरात हात-दोन हात खोल माती सापडेल. पण घरं खाचरात कोण बांधतं? ती असतात वरकस माळाच्या कडेला. तिथे वीतभर तांबूस माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. तीन मीटरचा रॉड घणाने ठोकायला घेतला की पहिला मीटरभर तो निमूट जातो. मग आवाज बदलतो. मातीत जाताना बद्द बद्द वाजत असतं. टोक कातळाला टेकलं की ठण्ण होतं आणि धरणाऱ्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. आणखी दहा घाव घातले तरी रॉड बोटभर सरकत नाही, वरचं डोकं तेवढं चेपून पसरतं. काम घाईचं असेल तर उरलेला भाग हॅक्सॉ ब्लेडने कापतात, वर क्लॅम्प आवळतात, भोवती सिमेंटचा लहानसा चौकोन करतात. मालकाला वरून सगळा रॉड आत गेल्यासारखाच दिसतो. बिल तीन मीटरचं असतं.

अशा जागी आडवं जायला काहीच हरकत नसते. अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणून त्यात जीआयची पट्टी लांबवर पुरली, तर उथळ जमिनीत ती तुटक्या उभ्या रॉडपेक्षा बरं काम देते. नाहीतर दोन-तीन ठिकाणी रॉड ठोकून ते एकमेकांना जोडावेत. पण दोहोंत निदान रॉडच्या लांबीइतकं, जमलं तर दुप्पट अंतर हवं. शेजारी शेजारी ठोकले तर दोघांचा भार एकाच मातीवर येतो आणि दुसऱ्या रॉडचे पैसे फुकट जातात. यात अडचण एकच. रॉड दुकानात तयार मिळतो, चर खणायला माणूस लावावा लागतो. वस्तूवर पैसे घालताना आपला हात सैल असतो, मजुरी द्यायची म्हटली की आखडतो.

तांब्याचंही तसंच. हा रॉड आतून पोलादी, वर तांब्याचा थर. चांगल्या रॉडवर तो थर 250 मायक्रॉनचा, म्हणजे पाव मिलिमीटर असतो. हलक्यावर नुसता मुलामा. लोहचुंबक दोन्हींना चिकटतं, त्यामुळे त्याने काही कळत नाही. एका टोकाशी कानस हलकी फिरवावी. पहिल्याच घासात राखाडी पोलाद उघडं पडलं, तर तो मुलामा मुरमातून जाताना सोलवटणार आणि पहिल्या पावसाळ्यात आतलं लोखंड गंजू लागणार. त्यापेक्षा आपला जुना अडतीस-चाळीस मिलिमीटरचा जीआय पाइप परवडला. अर्थिंगसाठीच्या आयएस 3043 या भारतीय मानकातही तो आहेच. खड्डा घ्यायचा, मधोमध पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून विजेला वाट करून देतं. मात्र कोकणातल्या पावसात मीठ चार-दोन वर्षांत धुऊन जातं, आणि असतं तोवर पाइपही खात राहतं. म्हणून हल्ली कच्छकडून येणारी बेंटोनाइट माती भरतात. ती पाणी पिऊन फुगते, पाइपला घट्ट बिलगते आणि वाहून जात नाही.

कोळशावरून एक आठवण करून द्यायला हवी. याच तालुक्यांतली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्ट्यांवर जातात. त्यांच्या स्वतःच्या घरात बहुधा एक दिवा, एक पंखा आणि खांबावरून आलेल्या दोनच तारा. तिसरी तार, अर्थिंगची, तिथवर पोचलेलीच नसते.

तर मुद्दा ओलीचा. आणि मे महिन्यात ओल आणायची कुठून? तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय, भातसाचं पाणीही तिकडेच जातं. ती दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं. टँकरमधून मिळालेली बादली खड्ड्यात ओत, असं घरच्या बाईला सांगायची कोणाची छाती आहे? ओतूही नये. तेव्हा खड्डा कुठे घ्यायचा याचं उत्तर मोरीपाशी सापडतं. अंघोळीचं, भांड्याधुण्याचं पाणी परसात जिथे जातं, जिथे अळू माजलेलं असतं किंवा केळीचा गड्डा असतो, ती जागा भर वैशाखातही आतून ओली राहते. शिवाय त्या पाण्यात साबणाचे, राखेचे क्षार असतात. ते इथे कामाला येतात. याउलट ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रॉड रोवला की अर्थिंग उत्तम झालं, ही समजूत सोडून द्यावी. नितळ पाणी विजेला फारशी वाट देत नाही, आणि वाहतं पाणी मातीतले क्षार घेऊन जातं. सांडपाण्याची जागा बाईला माहीत असते, वायरमनला नाही. खड्ड्याची जागा ठरवताना तिला विचारायला हवं.

अर्थिंग झालं की वायरमन त्याची परीक्षा करतो ती बल्बवर. होल्डरची एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला. शंभरचा बल्ब झगझगीत लागला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. ही परीक्षा फसवी आहे. पेटलेल्या शंभर वॅटच्या बल्बचा स्वतःचाच अडथळा पाचशे ओहमच्या पुढे असतो. त्याच्यापुढे जमिनीचे पन्नास ओहम आले काय आणि दहा आले काय, उजेडात फरक डोळ्याला दिसत नाही. तार कुठे तुटलेली नाही, एवढंच त्यातून कळतं. आणि अर्थिंग अगदीच वाईट असेल तर त्या क्षणी घरातल्या लोखंडी कपाटापासून फ्रिजपर्यंत अर्थिंगला जोडलेलं सगळं शॉक देऊ शकतं. खरी मोजणी अर्थ टेस्टरने, पुरेशा अंतरावर दोन खिळे रोवून होते.

समजा मोजलं आणि तीस ओहम भरले. घरात कुठे फेज मिक्सरच्या किंवा मोटरच्या अंगाला टेकली, तर 230 व्होल्टच्या हिशेबाने साडेसात अँपिअर जमिनीत जातील. सोळा अँपिअरचा एमसीबी याने पडत नाही. त्याच्या लेखी घरात एखादा गिझर चालू आहे, इतकंच. म्हणजे अर्थिंग आहे, तरी यंत्राचं अंग जिवंतच. म्हणून सोबत 30 मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी लागतोच. तो असेल तर अर्थिंग शेकडो ओहमचं असलं तरी निभावतं, कारण त्याला तुटायला चिमूटभर गळती पुरते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी जाड रॉडमधले कमी करून ते इकडे घालीन. महिन्यातून एकदा त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून पाहायचं, न तुटला तर बदलायचा. काही जण बोर्डातला न्यूट्रल गेला की अर्थिंगच्याच तारेवर दिवे चालवतात. तसं करणाऱ्याचं घर त्या दिवसापासून अर्थिंगविना असतं.

आणि तरीही एक धोका असा, जिथे रॉड आणि आरसीसीबी दोन्ही हात टेकतात. कुडाच्या भिंती आणि कौलं जाऊन आता लोखंडी अँगल आणि पत्रे आले. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर त्या पत्र्याच्या कडेला घासत राहते, वाऱ्याने तिचं आवरण झिजतं, एका पावसाळी सकाळी पत्रा जिवंत होतो. त्याच अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओला कपडा, ओले हात, खाली ओलं अंगण. पावसाळ्यात अशा बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी कुठून ना कुठून येतात. हा दोष मीटरच्या आधीचा, खांबाच्या बाजूचा. घरातल्या आरसीसीबीला तो दिसतच नाही. छप्पर अर्थिंगला जोडलेलं असलं तरी चार-सात अँपिअरने डीपीवरचा फ्यूज जात नाही. इथे उपाय रॉडच्या दुकानात नाहीच. सर्व्हिस वायर पत्र्यापासून दूर, इन्सुलेटरवर उचलून घ्यावी, आणि कपड्यांना लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी.

आकाशातून पडणाऱ्या विजेचा हिशेब निराळा, त्यात घराच्या रॉडने फुशारकी मारू नये.

घरकुलं, शाळा, अंगणवाड्या यांचं अर्थिंग ठेकेदार करून देतो आणि मोजणीचा आकडा कागदावर येतो. तो आकडा कोणत्या महिन्यातला, हे पाहावं. जुलैत मुरबाडचा मुरूमसुद्धा पाणी पिऊन तर्र असतो. तेव्हा वाईट रॉडही पास होतो. ठेकेदाराने मोजणीला पावसाळ्यातली तारीख मागितली, तर ग्रामपंचायतीने त्याला मेचा तिसरा आठवडा द्यावा.