शून्य आणि अज्ञात

तापीचे पाणी आणि बमरोली-पांडेसरा भागातील अनेक मराठी कुटुंबे एकाच दिशेने, खानदेशातून, सुरतेत आली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. तेव्हापासून वरच्या खोऱ्यात पाऊस किती पडला, हा प्रश्न इथे केवळ शास्त्रज्ञांचा उरलेला नाही.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पुण्यातील कार्यालय १९०१ पासूनचा दैनिक पाऊस पाव-पाव अंशाच्या चौकटींत मांडून उपलब्ध करून देते. पायथन भाषेच्या मोजक्या ओळी लिहिल्या की त्या फाईली कोणालाही वाचता येतात. साध्या बायनरी फाईलीत नुसते आकडे असतात. जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९. नेटसीडीएफ या स्वरूपात मात्र एकक, स्थळ, काळ आणि ‘नोंद नाही’ ही खूण फाईलच सोबत वागवू शकते.

नैतिक प्रश्न या खुणेपाशीच उभा राहतो. समजा, पाच दिवसांच्या नोंदी ४०, ६०, अज्ञात, ८० आणि २० मिलिमीटर अशा आहेत. उपलब्ध चार दिवसांची सरासरी ५० येते. अज्ञाताच्या जागी शून्य लिहिले तर ती ४० होते. उणे ९९९ हाच आकडा धरला तर ती जवळजवळ उणे १६० होते आणि चूक तत्काळ ध्यानी येते. शून्याची चूक मात्र खऱ्यासारखी दिसते. म्हणूनच ती अधिक घातक. पर्जन्यमापक नेमका मुसळधार पावसातच वाहून जाऊ शकतो. त्या दिवशी शून्य लिहिणे म्हणजे महापुराला कोरडा दिवस ठरवणे होय.

कोणी म्हणेल, रिकाम्या जागा भरल्याशिवाय गणित पुढे जात नाही. ते खरेच आहे. जागा भरण्यात दोष नाही, भरल्याचे लपवण्यात आहे. पायथनमध्ये लिहिण्यासाठी फाईल उघडली की त्याच नावाची जुनी फाईल सहसा न विचारता पुसली जाते. म्हणून मूळ नोंद केवळ वाचण्यासाठी उघडावी, दुरुस्ती नव्या फाईलीत करावी, आणि काय बदलले, केव्हा व का, हे तिच्यातच नमूद करावे.

नोंद लिहिणारा आणि ती वाचणारा यांची भेट बहुधा कधीच होत नाही. वाचणाऱ्याला शंका विचारण्याची सोय नसते. म्हणून लिहिणाऱ्याचे उत्तरदायित्व वाढते. ‘ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणे हेही ज्ञानच आहे. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचे जीवित त्या प्रामाणिकपणावरही विसंबून असते.