रंगाचें ओझें

आपल्या हातानें घडविलेल्या वस्तूला शेवटीं रंग द्यावा, ही इच्छा मनुष्यमात्राला इतकी स्वाभाविक आहे कीं तिच्याविषयीं विचार करण्याजोगें कांहीं आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागतो, लग्नघराच्या भिंती रंगतात, आणि त्या रंगाचें वजन किती हें कोणी विचारीत नाहीं. परंतु एक वस्तु अशी आहे कीं तिच्या अंगावरचा रंग तराजूंत घातल्यावांचून भागत नाहीं. ती वस्तु म्हणजे विमान. आणि त्यांतूनही, एखाद्या हौशी माणसानें वर्षानुवर्षें खपून घरीं बांधलेलें विमान.

घरीं विमान बांधणें ही केवळ कविकल्पना नव्हे. मुंबईस कांदिवली येथें कॅप्टन अमोल यादव या वैमानिकांनीं इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली. अमेरिकेंत तर अशीं हजारों विमानें घरगुती मोटारखान्यांत जन्मास आलीं आहेत. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलें, कीं अशा प्रत्येक कारागिरापुढें एक प्रश्न येतो: आतां रंग किती द्यावा?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. दोन माणसांच्या धातूच्या लहान विमानाचें रिकामें वजन पांचशें किलोंच्या आसपास भरतें. त्याला अस्तर, रंग व वरचा चकचकीत लेप दिला, कीं पातळ द्रव्य उडून गेल्यावरही दहा-एक किलो भार अंगावर राहतो. एक लिटर विमानी पेट्रोल सुमारें ७२० ग्रॅम भरतें. म्हणजे हा रंग जवळजवळ १४ लिटर पेट्रोलाएवढा झाला. ताशीं २० ते २५ लिटर जाळणाऱ्या इंजिनाला तेवढें पेट्रोल अर्ध्या तासाहून अधिक पुरतें. आणि अमेरिकेंतील नियम असा आहे कीं, दृष्टीच्या भरंवशावर केलेल्या दिवसाच्या उड्डाणांत मुक्काम गांठूनही अर्ध्या तासाचें इंधन शिल्लक उरेल अशी तजवीज निघण्यापूर्वींच असावी. वाट चुकली, ढग आडवे आले, तर त्या अर्ध्या तासावरच सारी भिस्त. विमान पुरतें भरलेलें असतां रंगाचा भार हा याच शिलकींतून किंवा प्रवाशाच्या सामानांतून वजा होतो. खर्चाची गोष्ट याहून सोपी आहे. कसबी रंगाऱ्याकडून काम करवून घ्यावयाचें तर तेथें दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम सहज लागते. पण पैसा एकदांच जातो, वजन मात्र प्रत्येक उड्डाणास नव्यानें वसूल होतें.

यावर कोणी म्हणेल, मग रंग देऊंच नये. पण हा निकालही उतावळेपणाचा होईल. कापडानें मढविलेल्या विमानाला जो लेप देतात त्यानें कापड आवळून ताठ होतें, आणि त्यावर ॲल्युमिनियमची पूड घातलेला रुपेरी थर बसला म्हणजे उन्हानें तें कुजत नाहीं. कांचतंतु व राळ यांच्या विमानाला पांढरा रंग लागतो, कारण गडद रंग ऊन शोषून घेतो आणि तापलेली राळ मऊ पडते. खाऱ्या हवेंत धातूलाही आवरण हवेंच. हा रंग म्हणजे अलंकार नव्हे, तें विमानाचें कातडें आहे. त्याचा भार विमानानें तक्रारीवांचून वाहावा.

वाद आहे तो याच्या पुढच्या थरांचा; केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं चढविलेल्या रंगपट्ट्यांचा. आणि येथें भार किती, याइतकेंच तो कोठें, यालाही महत्त्व आहे. पंखांच्या व शेपटीच्या मागील बाजूस बिजागरीवर हलणारे भाग असतात. त्यांच्या मागच्या कडेवर थोडा रंग अधिक चढला तरी तोल बिघडतो. वेग वाढतांच तो भाग फडफडूं लागून तुटूनही जाऊं शकतो. म्हणून रंगकामानंतर त्यांचा तोल पुन्हां पाहावा लागतो, आणि बिघडला असेल तर पुढच्या बाजूस शिसें घालून सांवरावा लागतो. शोभेचें ओझें सांवरण्यासाठीं दुसरें ओझें घ्यावें लागतें, हा अनुभव संसारी वाचकांस अपरिचित नसेल.

मोठमोठ्या उद्योगांनींही हा हिशेब केला आहे. १९४४ च्या सुमारास अमेरिकन लष्करानें आपल्या बहुतेक नव्या विमानांना रंग देणें सोडलें आणि चकाकत्या धातूनिशीं तीं युद्धांत धाडलीं. अमेरिकेच्या अंतराळयानाची इंधनाची मोठी टांकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून ती बिनरंगी, नारिंगी राहिली, आणि सुमारें २७० किलो भार वांचला.

तर मग शोभा हा सर्वस्वीं दोषच काय? याचें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. नाशिक जिल्ह्यांत ओझर येथें विमानांचा सरकारी कारखाना आहे. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजराथच्या सीमेवरील डोंगरांत, सुरगाणा आहे. तिकडे बोहाडा होतो. देवदानवांचे भडक रंगविलेले मुखवटे लावून सोंगें संबळाच्या तालावर नाचतात. लाकडी मुखवट्याचा भार कांहीं थोडा नसतो. पण त्याला कोणी उधळेपणा म्हणणार नाहीं, कारण ज्याच्या तोंडावर मुखवटा, त्याच्याच मानेवर त्याचा भार. सोंग घेणारा तो समजून उमजून उचलतो, आणि आनंद मात्र साऱ्या गांवाला वांटतो.

माझ्या मतें नीतीचा प्रश्न नेमका येथें आहे. शोभा वाईट नव्हे. शोभेचा भार न विचारतां दुसऱ्याच्या मानेवर टाकणें वाईट. घरच्या थोरल्या मुलाच्या लग्नांत झालेल्या थाटाचें कर्ज जेव्हां धाकट्याच्या शिक्षणांतून फिटतें, तेव्हां मांडवाच्या शोभेला जो दोष लागतो, तोच या रंगालाही लागूं शकतो. विमानांत दुसरें आसन असतें. त्यावर बहुधा बांधणाऱ्याची पत्नी किंवा मूल बसतें, आणि शिल्लक इंधनांतून किती मिनिटें रंगाला दिलीं हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

दहा वर्षें खपलेल्या माणसाला आपल्या विमानावर एक तांबडा पट्टा ओढावासा वाटला, तर त्याला अरसिकपणें अडविणारे आपण कोण? त्यानें तो खुशाल ओढावा. मात्र रंगापूर्वीं व रंगानंतर विमान काट्यावर चढवावें, जो फरक येईल तो शेजारीं बसणाऱ्यास सांगावा, आणि तेवढें वजन इंधनांतून न काढतां स्वतःच्या सामानांतून काढावें.